गेममधलं चिलखत: अंग वाचवायला की डोळे दिपवायला?

फँटसी गेम खेळणाऱ्यांमध्ये एक जुना विनोद आहे. लेव्हल वाढत जाते तसं पुरुष पात्राच्या अंगावरचं पोलाद वाढतं आणि स्त्री पात्राच्या अंगावरचं कमी होतं. आकड्यांत मात्र दोघांचं संरक्षण सारखंच! पोट, मांड्या, गळा उघडा टाकणारं ते 'चिलखत' ड्रॅगनची आग झेलतं आणि खेळणाराही ते मुकाट्याने मान्य करतो.

यावरून गेमर मंडळींत दोन तट पडलेले आहेत. एक गट म्हणतो, चिलखत आहे तर ते चिलखतासारखं दिसलं पाहिजे. दुसरा म्हणतो, ज्या जगात ड्रॅगन उडतात तिथे पोलादाच्या जाडीचा हिशोब कसला मागता? विरार लोकलमध्ये एका हाताने कडी धरून मोबाइलवर खेळणाऱ्याला हा वाद लांबचा वाटेल. पण एखाद्या स्किनवर पैसे खर्च करताना किंवा आपल्या इतिहासावर बेतलेला गेम डाउनलोड करताना तो आपल्यापर्यंत येऊन पोहोचलेला असतो.

मत आधीच सांगून टाकायचं तर, दोन्ही गट चुकीच्या प्रश्नावर भांडताहेत. चिलखत खरं की दिखाऊ, या प्रश्नाने फारसं काही हाती लागत नाही, कारण खरी चिलखतंही दिखाऊ होती. विचारायला हवं ते हे: हे दिसणं कोणासाठी आहे? गेमच्या जगातल्या शत्रूसाठी, सैन्यासाठी, दरबारासाठी? की स्क्रीनबाहेर बसलेल्या गिऱ्हाइकासाठी? हे समजून घ्यायला सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. पण त्याआधी थोडं पोलादाविषयी.

खरं चिलखत कसं असायचं?

गेममध्ये दिसणारं, डोक्यापासून पायापर्यंतचं चकचकीत पोलादी चिलखत ही मुख्यतः १५व्या-१६व्या शतकातल्या युरोपची गोष्ट. ते घातलं की माणसाला हलता येत नसे, घोड्यावर चढवायला त्याला दोराने उचलावं लागे, ही सिनेमांनी पसरवलेली समजूत आहे. लढाईतल्या पूर्ण चिलखताचं वजन साधारण १५ ते २५ किलो असे आणि ते खांदे, कंबर, हात, पाय असं सगळीकडे वाटलं जाई. मापाने बनवलेलं चिलखत घालून माणूस पळू शके, पडला तर उठू शके, स्वतःच घोड्यावर बसू शके.

चांगल्या चिलखताचं गणित सोपं आहे. पहिली गोष्ट, वार अडवण्यापेक्षा तो सरकवून लावणं. म्हणून छातीचा पत्रा मधोमध उंच आणि दोन्ही बाजूंना उतरता असतो, पावसाळी छपरासारखा. तलवारीचं किंवा भाल्याचं टोक त्यावरून घसरून बाहेर जातं. दुसरी गोष्ट, सांधे मोकळे ठेवणं. हात डोक्याच्या वर उचलता आला नाही तर तलवार चालवणार कशी? आणि तिसरी, आतला थर. पोलादाखाली जाड, भरलेलं कापड नसेल तर चिलखत कापलं गेलं नाही तरी आतलं हाड मोडतं.

आपल्याकडे चिलखत म्हणजे प्रामुख्याने लोखंडी कड्या एकमेकींत गुंफून केलेला अंगरखा. छाती, पाठ आणि दोन्ही कुशींवर चार पत्रे बांधायची पद्धतही होती. त्या चार पत्र्यांना 'चार-आईना' म्हणत, म्हणजे चार आरसे. हातावर दस्ताना, डोक्यावर टोप आणि टोपाला मानेवर लोंबणारी कड्यांची जाळी. हे सगळं सरदारांना परवडायचं. साध्या शिपायाच्या वाट्याला जाड शिवलेला अंगरखा, ढाल आणि पागोटं. पण पागोट्याला कमी लेखू नका. कापडाचे पदरावर पदर बसले की तलवारीचा वार ते बऱ्यापैकी झेलतात.

यात हवामानाचाही हात आहे. वसईत राहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. समुद्राकाठच्या हवेत खिडकीचं ग्रिल काही पावसाळ्यांत गंजायला लागतं. तिथे हजारो बारीक कड्यांचं चिलखत सांभाळायचं म्हणजे तेल लावणं, घासणं हे रोजचं काम. आणि मे महिन्याच्या घामट दुपारी अंगभर पोलाद चढवून तटावर उभं राहायचं, ही कल्पनाही नकोशी वाटते.

मग गेममध्ये ते तसं का नसतं?

सगळा दोष कलाकारांच्या डोक्यावर फोडण्यात अर्थ नाही. काही कारणं निव्वळ तांत्रिक आहेत आणि ती पटणारी आहेत.

पहिलं कारण कॅमेरा. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'सारख्या २००४ सालच्या गेममध्ये पात्र दुरून, छोटं दिसतं. समोरचा योद्धा आहे की जादूगार, हे क्षणात ओळखता यायला हवं. म्हणून खांद्यावर टोपलीएवढे पत्रे आणि हातात दाराएवढी तलवार. तेवढे मोठे खांदे खऱ्या माणसाला हात वर करू देणार नाहीत, पण स्क्रीनवर ते पाटीचं काम करतात. मोबाइलच्या सहा इंची पडद्यावर तर ही गरज आणखी वाढते.

दुसरं कारण फारसं बोललं जात नाही. कॉम्प्युटरला पोलादापेक्षा कापड अवघड जातं. पत्रा ताठ असतो. तो पात्राच्या हाडांच्या सांगाड्याला जोडला की काम झालं. सैल अंगरखा, धोतर, शेला, नऊवारी यांचं तसं नाही. पात्र धावलं की कापड उडायला हवं, बसलं की चुण्या पडायला हव्यात आणि मांडी कापडातून आरपार दिसायला नको. प्रत्येक फ्रेममध्ये हा हिशोब करायचा म्हणजे प्रोसेसरवर ताण. त्यामुळे भारतीय पात्रालाही घट्ट कातडी जाकीट आणि युरोपीय थाटाचा पत्रा चढवून मोकळं व्हायचा मोह होतो. आपली वस्त्रं गेममध्ये कमी दिसतात त्यामागे अनास्था असेलही, पण हे गणितसुद्धा आहे.

तिसरं कारण म्हणजे दिसणं आणि संरक्षण यांची ताटातूट. पूर्वी गेममध्ये सगळ्यात मजबूत चिलखत कुरूप असलं तरी तेच घालावं लागे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ने २०११च्या अखेरीस 'ट्रान्समॉग' आणलं. आकडे एका चिलखताचे आणि रूप दुसऱ्याचं, अशी सोय झाली. आज बहुतेक मोठ्या ऑनलाइन गेममध्ये या ना त्या रूपात ती आहे. खेळणाऱ्याला स्वातंत्र्य मिळालं, पण चिलखताकडे बघून त्याची ताकद कळण्याची सोय गेली.

याच्या उलट वाटेने जाणारे गेमही आहेत. २०२२च्या 'एल्डन रिंग'मध्ये जड चिलखत घातलं की वार चुकवण्यासाठी मारलेली कोलांटी मंदावते. २०१८च्या 'किंगडम कम: डिलिव्हरन्स'मध्ये १४०३ सालचा बोहेमिया आहे. तिथे आधी भरलेलं कापड, मग कड्या, मग पत्रा असे थर चढवावे लागतात. लोखंड वाजतं म्हणून चोरपावलांनी जाता येत नाही. आणि गंमत म्हणजे कपडे मळके असतील तर लोक नीट बोलत नाहीत. म्हणजे वास्तवाचा एवढा आग्रह धरणाऱ्या गेमनेही दिसण्याला स्वतंत्र आकडा दिला आहे.

दिसणं म्हणजे खोटेपणा का?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबराचं चिलखत आहे, १५८१ सालचं. चर्चगेटला उतरून चालत जाता येतं. पोलादी पत्र्यावर धार्मिक वचनं कोरलेली आहेत. त्या अक्षरांनी पत्रा जास्त मजबूत होत नाही. पण ते घालणाऱ्याच्या श्रद्धेसाठी आणि बघणाऱ्याच्या मनासाठी ती अक्षरं आहेत. रोमन सेनापती पोटाचे स्नायू कोरलेले छातीपत्रे वापरत, युरोपातले राजे सोन्याने मढवलेली चिलखतं मिरवत. शत्रूने धसका घ्यावा, आपल्या सैनिकाला गर्दीत सरदार ओळखू यावा, दरबारात वजन पडावं, ही सगळी चिलखताचीच कामं होती.

आता प्रतापगड. १० नोव्हेंबर १६५९. अफझलखानाच्या भेटीला जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली लोखंडी टोप घातला होता, हे महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. खानाचा वार त्या चिलखतावरून निसटला. मराठी माणसाच्या आठवणीतलं सगळ्यात प्रसिद्ध चिलखत हे असं आहे, जे कोणाला दिसलंच नाही. वरचा साधा अंगरखा हा त्या बचावाचाच भाग होता. चिलखत उघड दिसलं असतं तर भेटीचा सगळा डावच बदलला असता.

दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, ही म्हण इथे शस्त्रासारखी वापरलेली आहे. अकबराचं चिलखत दिसण्यासाठी मढवलेलं, प्रतापगडावरचं न दिसण्यासाठी झाकलेलं. दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे. कोणाला काय दिसावं, हे चिलखत घालणाऱ्याने ठरवलं आणि ते समोरच्या माणसासाठी ठरवलं.

निव्वळ कल्पनेतल्या वेशालाही याच कसोटीवर जागा आहे. आपल्याच पालघर जिल्ह्यात, जव्हार-मोखाड्याच्या बाजूला बोहाडा होतो. रावण, नरसिंह अशी सोंगं मोठाले मुखवटे लावून संबळाच्या तालावर रात्रभर नाचतात. तो मुखवटा लढाईत उपयोगी पडेल का, असं कोणी विचारत नाही. कारण तो लढाईचा वेश असल्याचा दावाच करत नाही. तो देवादैत्यांचा आहे आणि त्या जगाच्या नियमांना धरून आहे. गेममधल्या जादूच्या जगालाही हेच लागू आहे. ड्रॅगन असू द्या, मंत्राने अभेद्य झालेला शेला असू द्या. फक्त तो नियम एकदा ठरला की सगळ्यांना सारखा लावा.

स्त्री पात्रांच्या बाबतीत नेमकं काय बिघडतं?

तिथे नियम सारखा लागत नाही. जादूमुळे उघडं पोट सुरक्षित राहत असेल, तर शेजारचा पुरुष योद्धा पोलादात का गुरफटलेला आहे? त्याला जादू परवडत नाही का? १९७०च्या दशकात अमेरिकी कॉमिक्समधल्या रेड सोन्जाच्या अंगावर कड्यांची बिकिनी आली आणि पुढे ती चालच पडली. ते दिसणं शत्रूसाठी नव्हतं, तिच्या सैन्यासाठी नव्हतं आणि तिच्या स्वतःसाठी तर नव्हतंच. ते पान उलटणाऱ्यासाठी होतं.

पूर्ण अंग झाकणाऱ्या चिलखतातही एक खोट शिरते. छातीच्या दोन उंचवट्यांचा वेगवेगळा आकार पत्र्यात ठोकलेला असतो. वर सांगितलेलं छपराचं गणित आठवा. मध्ये उंच हवं तिथे खोलगट घळ तयार होते आणि बाहेर घसरायला हवं ते टोक थेट छातीच्या मधल्या हाडाकडे येतं. खऱ्या छातीपत्र्याखाली भरलेल्या कापडाचा थर असतो आणि पत्रा अंगापासून थोडा सुटलेला असतो. त्यामुळे स्त्रीसाठी वेगळ्या आकाराची गरजच पडत नाही, नीट मापाची पडते.

हे चुकून होतं, असंही नाही. गेममध्ये एकाच चिलखताचं स्त्रीसाठी वेगळं, कापलेलं मॉडेल करायचं म्हणजे जास्तीचे कामाचे तास, जास्तीचा खर्च. कोणीतरी बैठकीत बसून तो मंजूर केलेला असतो. २०११चा 'डार्क सोल्स' बघा. बहुतेक चिलखतं स्त्री-पुरुष दोघांनाही जवळपास सारखीच बसतात. टोप घातलेलं पात्र बाई आहे की पुरुष, हे पटकन कळतही नाही. त्याने गेमचा खप काही बुडाला नाही.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर अहमदनगरची चांदबीबी आहे. १५९५-९६च्या वेढ्यात मुघलांनी सुरुंगाने तट पाडला, तेव्हा ती खिंडारावर उभी राहिली. अंगात चिलखत, चेहऱ्यावर बुरखा आणि हातात नंगी तलवार, असं तिचं वर्णन इतिहासाच्या पुस्तकांत येतं. चिलखत शत्रूसाठी, बुरखा तिच्या काळाच्या रिवाजासाठी आणि खिंडारात स्वतः उभं राहणं आपल्या सैनिकांसाठी. तिच्या वेशातल्या प्रत्येक गोष्टीला तिच्या जगात कारण आहे. एखाद्या गेमच्या कलाकाराला यापेक्षा जास्त काय हवं?

कमी कपडे म्हणजे वाईट, असा मात्र याचा अर्थ काढू नये. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये 'राजी: अॅन एन्शंट एपिक' काढला. त्यातली राजी पोलाद घालत नाही. ती सर्कशीत कसरती करणारी मुलगी आहे. भिंतीवरून धावणं, खांबाला गिरकी घेणं हेच तिचं लढणं आहे आणि हलका वेश त्याला धरून आहे. लाज झाकली का, हा मुद्दाच नाही. पात्राने स्वतः आरशासमोर उभं राहून हे घातलं असतं का, एवढंच बघायचं. राजीने घातलं असतं. कड्यांच्या बिकिनीबद्दल मला तशी खात्री वाटत नाही.

वसईच्या किल्ल्यावर गेम काढायचा ठरला तर?

ही कल्पना फार दूरची नाही. २००९च्या 'एम्पायर: टोटल वॉर'मध्ये १८वं शतक आहे आणि मराठ्यांच्या बाजूने खेळता येतं. तो इंग्लंडमधल्या स्टुडिओने केला. पुण्यातल्या सुपरगेमिंगने ऑक्टोबर २०२४मध्ये भारतीय रंगढंगाचा 'इंडस' आणला. वसई-विरारमधून दरवर्षी इंजिनीअर आणि अॅनिमेशन शिकलेली मुलं बाहेर पडतात. त्यांच्यातलं कोणी उद्या चिमाजी आप्पांच्या मोहिमेवर गेम केला तर पहिला मोह काय होईल? तटावर चकाकत्या पोलादातले पोर्तुगीज सरदार आणि खाली मोठाले खांदेपत्रे लावलेले मराठे.

दिसायला झकास. पण वसईचा किल्ला मराठ्यांनी घेतला तो मे १७३९मध्ये. तोवर बंदुकीच्या गोळीने पूर्ण अंगाच्या चिलखताचा निकाल लावला होता. युरोपच्या सैन्यांतूनही ते जवळजवळ गेलं होतं. घोडदळाच्या छातीवर कुठे एखादा पत्रा उरला होता. वसईचा निकाल तोफा, खंदक आणि तटाखाली पेरलेल्या सुरुंगांनी लागला, उन्हाळ्याच्या भरात. तिथे पोलादी सरदार उभा करणं म्हणजे १५३४मध्ये पोर्तुगीजांना वसई मिळाली त्या काळातला माणूस दोनशे वर्षं उशिरा तटावर आणून ठेवणं.

यात नुसत्या चुकीपेक्षा मोठं नुकसान आहे. सुरुंग खणणारा, अंगावर कोणतंही पोलाद नसलेला, घामाने आणि मातीने माखलेला माणूस हा त्या लढाईचा खरा चेहरा होता. त्याला वाचवणारं काही अंगावर नव्हतं, म्हणूनच त्याचं धाडस मोठं. त्याला चिलखत चढवलं की तो जास्त रुबाबदार दिसेल, पण त्याने काय पणाला लावलं होतं ते खेळणाऱ्याला कळणार नाही.

इथे आपल्या पोरांचं शहाणपण बघण्यासारखं आहे. दिवाळीत वसई-विरारच्या सोसायट्यांत, वाड्यांत मातीचे किल्ले उभे राहतात. त्यावरचे मावळे अंगरखा, पागोटं, ढाल-तलवार अशाच वेशात असतात आणि त्यांना बघून कोणालाही ते कमी शूर वाटत नाहीत.

आणि खिशाचं काय?

मोबाइल गेममध्ये हा विषय सरळ पैशांवर येतो. 'बीजीएमआय'चं उदाहरण घ्या. जॅकेट आणि हेल्मेट लेव्हल १ ते ३ अशी सामन्यातच शोधावी लागतात. ती खरोखर गोळी झेलतात आणि सगळ्यांना सारखी मिळतात. यूसी खर्चून घेतलेला झगमगीत पोशाख मात्र गोळी जराही अडवत नाही. उलट गवतात लपलेलं पात्र भडक रंगामुळे लांबून दिसू शकतं.

ही विभागणी न्याय्य आहे. पैसे देऊन कोणी अजिंक्य होत नाही. पण मुलाने पोशाख मागितला तर आईबाबांनी आणि मुलानेही हे समजून घ्यावं, की जे विकत मिळतंय ते फक्त रूप आहे. मित्रांमध्ये मिरवायचंय म्हणून घेतलं तर तेही समजण्यासारखं आहे. लग्नातला फेटा डोकं वाचवायला कोणी बांधत नाही. फक्त नशिबावर उघडणाऱ्या क्रेटमागे धावताना आपण चिलखत घेतोय असा समज नको.

म्हणून पुढच्या वेळी गेममधलं एखादं चिलखत बघताना तीन गोष्टी तपासा. या जगात वार कसा अडतो, याचा नियम काय आहे? तो नियम बाई आणि पुरुष, राजा आणि शिपाई यांना सारखा लागतो का? आणि हे दिसणं त्या जगातल्या कोणाला काही सांगतंय का? तिन्हीची उत्तरं मिळाली तर ड्रॅगन उडू द्या की, काही बिघडत नाही. आणि तिसऱ्याचं उत्तर 'फक्त मला' असं आलं, तर निदान खिशात हात घालण्याआधी ते माहीत असलेलं बरं.